लटकी लढाई आणि खरे बोलणे

गेल्या पौषातील एका रात्रीची गोष्ट. जबलपूरला नेपियर टाउनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचे बिऱ्हाड आहे. जेवणे आटोपली होती, थंडी चांगलीच पडली होती आणि आम्ही दोघे भावंडे शेगडीपाशी हात शेकत जुन्या गोष्टी बोलत बसलो होतो. इतक्यात आतल्या खोलीतून भाच्याचा आवाज कानी आला. "ससाणा दोन, ससाणा एक. शत्रू एक, तुझ्या डावीकडे, खाली." क्षणभर शांतता. पुन्हा तोच आवाज, "मला तू दिसतोस. वळ उजवीकडे. आता." आवाज मोठा नव्हता, घाबरा नव्हता, आणि त्यात एकही शब्द अधिक नव्हता. मी चमकून बहिणीकडे पाहिले. ती म्हणाली, "दादा, तू नको लक्ष देऊस. रात्री त्याचे विमान उडत असते."

माझे उमेदीचे सारे आयुष्य बिनतारी यंत्रावर कसे बोलावे आणि कसे ऐकावे हे तरुण मुलांना शिकविण्यात गेले. निवृत्त होऊन आता पुष्कळ वर्षे झाली. घरच्या माणसांनी माझ्या या विद्येचा कधी फारसा मान राखला नाही. 'बोलता तर सर्वांनाच येते, ते शिकवायचे काय?' हा प्रश्न मी लग्नापासून ऐकत आलो आहे. तेव्हा, साधे पाणी मागावयाचे तरी ज्याला चार वाक्ये लागतात, तो माझा भाचा इतके नेमके बोलतो आहे हे ऐकल्यावर मला शेगडीपाशी बसवेना. मी उठून आत गेलो.

टेबलावर संगणक, पुढ्यात विमानातल्यासारखा दांडा, पायांखाली सुकाणू फिरविण्याच्या दोन पट्ट्या आणि कानांवर हेडफोन, असा सगळा सरंजाम होता. पडद्यावर विमानाची बैठक हुबेहूब दिसत होती. त्या रात्री आकाशात सहा जण होते. दोघे जबलपूरचे, एक नागपूरचा, दोघे पुण्याचे आणि एक टोरांटोचा. तिकडे त्या वेळी भर दुपार होती. पलीकडच्या पक्षात कोण होते याची यांना कल्पना नव्हती, आणि तशी ती असण्याचे कारणही नव्हते.

हा खेळ अगदी आजचा नव्हे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीसच अमेरिकेत टेलिफोनच्या तारांवरून अनेकांनी मिळून खेळावयाच्या हवाई लढाया सुरू झाल्या होत्या. परंतु त्या काळी सोबत्याला काही सांगावयाचे तर अक्षरे टंकावी लागत. शत्रू पाठीशी लागलेला असताना एका हाताने विमान सांभाळीत दुसऱ्या हाताने 'सावध' असे टंकणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. टंकणारा बहुधा पहिल्याच अक्षरावर असताना सोबती जमिनीवर आलेला असे. पुढे २००१ साली 'इल-२ स्टुर्मोविक' हा रशियात तयार झालेला खेळ आला, वेगवान इंटरनेट घरोघर पोहोचले, आणि खेळाडू 'टीमस्पीक'सारख्या साधनांवरून एकमेकांशी तोंडाने बोलू लागले.

येथपर्यंत सारे कोणाच्याही ध्यानात येण्याजोगे आहे. पुढची गोष्ट मात्र मला नवलाची वाटली. टीमस्पीकवरचे बोलणे स्वच्छ आणि सोयीचे होते. सर्वांना सर्वांचे ऐकू येई, अंतराची अडचण नसे. तरीही खेळाडूंना ते पुरेसे वाटेना, कारण खऱ्या विमानात असे स्वच्छ बोलणे नसते. माझा भाचा खेळतो त्या 'डीसीएस वर्ल्ड' नावाच्या खेळाला म्हणून 'सिंपलरेडिओ' या नावाची एक जोड देण्यात आली. ती लावली की विमानातल्या लटक्या रेडिओवर तुम्ही जी कंप्रता लावाल त्याच कंप्रतेवरच्या माणसाचे तुम्हांला ऐकू येते. आकडा एका घराने चुकला तरी तुम्ही आकाशात एकटे. खेळ चालविणाऱ्याने तशी योजना केली असेल तर मध्ये डोंगर आला म्हणजे आवाज तुटतो, फार दूर गेले म्हणजे विरतो, आणि तुम्ही बोलण्याचे बटण दाबून धरले आहे तोवर दुसऱ्याचा शब्द तुमच्या कानी पडत नाही. सोय हाताशी असताना माणसांनी हौसेने गैरसोय पत्करली, आणि तीही बोलण्याच्या बाबतीत, याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

ती रात्र मी भाच्याच्या मागे स्टुलावर बसून काढली. युद्धाचा खेळ करावा की करू नये, याविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. पडलेल्या विमानातला मुलगा पाच मिनिटांनी चहाचा घोट घेत पुन्हा उडू लागतो, हे पाहून ज्यांनी खरी लष्करी इस्पितळे पाहिली आहेत त्यांना जरा चमत्कारिकच वाटते. पण एक गोष्ट मला त्या रात्री दिसली. ते विमान लटके होते, आकाश लटके होते, गोळी लटकी होती, मरण तर लटके होतेच. बोलणे तेवढे लटके नव्हते. टोरांटोच्या मुलाचा शब्द नागपूरच्या मुलाने खरोखरच ऐकावयाचा असतो, खरोखरच त्याचा अर्थ करावयाचा असतो आणि तो अर्थ चुकला तर ती चूकही खरीच असते. बिनतारी यंत्रावर बोलणाऱ्या माणसाच्या ज्या चुका मी वर्गात पस्तीस वर्षे पाहिल्या त्याच येथे होत्या, आणि त्यांवरचे उपायही तेच होते.

जबलपूरसारख्या गावी हे ऐकावयास मिळावे यात एक औचित्य आहे. आपल्या लष्कराचे सिग्नल दल १५ फेब्रुवारी १९११ रोजी स्थापन झाले. 'तीव्र चौकस' हे त्याचे ब्रीद. त्याचे शिक्षण केंद्र या गावी आहे. टपाल-तार खात्याचे शिक्षण केंद्रही १९४२ पासून येथेच वाढले. संगमरवरी खडक आणि नर्मदा यांसाठी प्रवासी येथे येतात. पण निरोप पोहोचविण्याची विद्या शिकावयास जितकी तरुण माणसे येथे आली तितकी थोड्याच गावी गेली असतील. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईस नाविकांचे बंड झाले ते १८ तारखेस 'तलवार' या नौदलाच्या सिग्नल शाळेत सुरू झाले, आणि २७ तारखेस जबलपूरच्या सिग्नल केंद्रातील जवानांनी बहिष्कार पुकारला. दुसऱ्यांचे निरोप वाहून नेणाऱ्या माणसांनी आपला निरोप कोणी ऐकत नाही म्हणून उठावे, ही गोष्ट त्या काळाच्या इतिहासात जितकी ठळक व्हावयास हवी होती तितकी झालेली नाही. असो, ते आजच्या भाषणाबाहेरचे आहे.

आता चुकांकडे वळतो. नवखा मुलगा आकाशात पहिल्याने ओरडतो ते असे: "अरे, तो बघ! तिकडे! मागे, मागे!" मराठीत 'तो', 'तिकडे' आणि 'मागे' हे तीन शब्द रोज आपण शंभरदा वापरतो आणि आपले कधी अडत नाही, कारण समोरच्या माणसाला आपले बोट दिसते, डोळे दिसतात. रेडिओवर बोट दिसत नाही. 'मागे' असे कोणी ओरडले की सहाच्या सहा विमाने एकदम वळतात, कारण पाठ प्रत्येकालाच असते! म्हणून निरोपाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम ज्याला सांगावयाचे त्याचे नाव, मग स्वतःचे नाव, मग काय दिसले, मग कोठे. नाव आधी घेतले की इतर पाच जणांनी आपापले काम चालू ठेवावे, एवढा त्याचा अर्थ. 'कोठे' हे सांगावयास सर्वांना ठाऊक असलेले एक ठिकाण आधी नेमून ठेवतात आणि तेथून दिशा व अंतर सांगतात. माझे घर 'माझ्या डाव्या हाताला' आहे असे म्हटल्याने कोणाला काय कळणार? 'मदनमहालच्या किल्ल्यापासून उत्तरेला दोन मैल' म्हटले की टांगेवाल्यालाही कळत असे.

सांकेतिक शब्दांची गंमत तर वेगळीच आहे. १९४० साली इंग्लंडवर जर्मन विमानांचे हल्ले होत असताना जमिनीवरचे नियंत्रक आपल्या वैमानिकांशी जी भाषा बोलत तीतले कित्येक शब्द आजही या खेळात ऐकू येतात. 'एंजल्स पंधरा' म्हणजे पंधरा हजार फूट उंची, 'बँडिट' म्हणजे शत्रूचे विमान, 'व्हेक्टर' म्हणजे अमुक दिशेने जा, आणि 'पॅनकेक' म्हणजे खाली उतरा. पुढे त्यांत भर पडत गेली. त्यांतील एक चौकडी मला फार आवडते. शत्रू दिसला तर 'टॅली', शत्रू दिसत नसेल तर 'नो जॉय'. आपला सोबती दिसला तर 'व्हिज्युअल', सोबती दिसत नसेल तर 'ब्लाइंड'. आपण या चारही ठिकाणी 'दिसला' किंवा 'दिसत नाही' एवढेच म्हणू, आणि ऐकणाऱ्याने कोण दिसला हे ओळखावे अशी अपेक्षा धरू. ते ओळखण्यास लागणारे दोन क्षण त्याच्यापाशी नसतात. मुलांनी इंग्रजी शब्द का वापरावेत, मराठी का घडवू नयेत, असे मी प्रथम भाच्याला विचारले. तो म्हणाला, "मामा, इंग्रज मुलालाही हे शब्द नव्यानेच शिकावे लागतात." मला उत्तर सुचले नाही. हे शब्द कोणाच्याच बोलीतले नव्हेत. एकमेकांपासून कानाला निराळे वाटावेत आणि गडबडीतही ओळखू यावेत, म्हणून ते निवडलेले आहेत.

तथापि माणूस घाबरला की घरची भाषा वर येते. जबलपूरच्या मराठी घरांतून हिंदी आणि मराठी अशा हातात हात घालून नांदतात की वाक्य कोणत्या भाषेत सुरू झाले आणि कोणत्या भाषेत संपले हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसते. या दोन भाषांतला एक भेद मात्र या मुलांना चांगलाच महाग पडला. हिंदीत नकार क्रियापदाच्या आधी येतो: 'मत मुड़ो'. मराठीत तो शेवटी येतो: 'वळू नकोस'. आता नवख्या माणसाची खोड अशी असते की शेवटचा शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच तो बटणावरचे बोट उचलतो आणि शेवटचा शब्द मागे राहतो. भाच्याने एका रात्री पुण्याच्या मित्राला सांगितले, 'वळू नकोस'. पोहोचले ते 'वळू'. मित्र वळला. त्याच बाजूला शत्रू होता.

विमान लटकेच होते, पण दोघांचे चार दिवस बोलणे बंद झाले. तू सांगितलेस म्हणून मी वळलो, असे एकाचे म्हणणे. मी नेमके उलटे सांगितले होते, असे दुसऱ्याचे. दोघेही खरे बोलत होते. बिनतारीवरच्या भांडणाचे हेच दुःख आहे: खोटे कोणीच बोलत नाही. मी वर्गात शिकवीत असे की, बटण दाबा, एक श्वास घ्या, बोला, एक श्वास थांबा, मग बोट उचला. आणि काय करू नये हे कधी सांगू नका, काय करावे ते सांगा. 'वळू नकोस' म्हणू नये, 'सरळ जा' म्हणावे. शेपूट तुटले तरी 'सरळ' एवढे पोहोचतेच. हे मी त्या दोघांना सांगितले तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलेत?" मी म्हटले, "तुझ्या आईला विचार."

हा प्रकार खेळातला म्हणून सोडून देता येत नाही. विमानांच्या रेडिओवर दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांचेही बोलणे बुडते आणि कानात एक कर्कश शिटी ऐकू येते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुके होते. धावपट्टीवर दोन अजस्र प्रवासी विमाने होती आणि त्यांना एकमेकांची आकृतीही दिसत नव्हती. डच विमानाने, आपण उड्डाणाच्या स्थितीत आहोत, अशा अर्थाचे काही कळविले. मनोऱ्यातून 'ओके' असे उत्तर आले आणि त्यापाठोपाठ 'थांबा, मी सांगेन' असा आदेश निघाला. नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन विमानाचा वैमानिक, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत, असे सांगू लागला. दोन्ही वाक्ये बरोबर होती. दोन्ही वाक्यांनी माणसे वाचली असती. ती एकावर एक पडली आणि डच विमानात 'ओके' एवढे स्पष्ट ऐकू जाऊन पुढे शिटी ऐकू आली. ५८३ माणसे गेली. त्यानंतर जगभर नियम झाला की 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारावयाचा. एरवी 'डिपार्चर' म्हणावयाचे. एका शब्दाला एवढी सोवळ्यात ठेवण्याची पाळी यावी, यावरून त्या शिटीची किंमत कळते.

थोडे बोलून किती साधते याचा दाखला आपल्याकडचाच आहे. २२ नोव्हेंबर १९७१. युद्ध रीतसर पुकारले जाण्यास अजून अकरा दिवस होते. पूर्व सीमेवर बोयऱ्याच्या परिसरात पाकिस्तानी सेबर विमाने आल्याचे कळताच डमडमहून २२ क्रमांकाच्या तुकडीची चार नॅट विमाने निघाली. मॅसी, गणपती, सोअरेस आणि लाझारस हे त्यांचे वैमानिक. जमिनीवर रडारच्या पडद्यापाशी बागची नावाचे तरुण नियंत्रक अधिकारी होते. नॅट हे विमान इतके लहान की त्यातून शत्रू शोधणे हे वैमानिकाच्या डोळ्यांपेक्षा जमिनीवरच्या माणसाच्या जिभेवर अधिक अवलंबून. बागचींनी दिशा, उंची आणि अंतर सांगत त्यांना सेबरांच्या पाठीशी नेऊन सोडले. काही मिनिटांत दोन सेबर पडली, तिसरे जखमी होऊन परतले. गणपतींनी रेडिओवर एकच सांकेतिक शब्द तीनदा उच्चारला: 'मर्डर, मर्डर, मर्डर'. शत्रूचे विमान पाडल्याचा तो संकेत. पराक्रमाचे वर्णन करावयास त्यांना तेवढेच पुरले. पुढे त्यावर जे लेख आणि ग्रंथ झाले ते इतरांनी लिहिले.

याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरच्या आकाशात झालेल्या चकमकीत नियंत्रक म्हणून काम करणाऱ्या स्क्वॉड्रन लीडर मिंटी अगरवाल यांना पुढे युद्धसेवा पदक मिळाले. आपले विमान गमावून शत्रूच्या हाती पडलेल्या अभिनंदन वर्धमान यांना 'टर्न कोल्ड', म्हणजे शत्रूकडे पाठ करून परत फिरा, असा आदेश दिला गेला होता. परंतु शत्रूने रेडिओत आणलेल्या व्यत्ययामुळे तो त्यांच्या कानी गेला नाही, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. नियमाप्रमाणे दिलेला, वेळेवर दिलेला, दोनच शब्दांचा निरोप. आणि तोही कधी कधी पोहोचत नाही. धुवाँधारच्या कठड्यापाशी उभे राहून शेजारच्या माणसाशी बोलून पाहिले आहे अशा कोणालाही हे समजावून सांगावयास नको. तेथे ओठ हललेले दिसतात आणि नर्मदा तेवढी ऐकू येते.

आता माझ्या फजितीची हकिकत सांगतो आणि पुरे करतो. या खेळात जमिनीवरच्या नियंत्रकाचीही एक जागा असते. त्याला विमान नसते. त्याच्यापुढे नकाशा असतो आणि त्यावर बिंदू सरकत असतात. माघातल्या एका रात्री त्यांचा नेहमीचा नियंत्रक आला नाही, तेव्हा मुलांनी ते काम माझ्या गळ्यात घातले. मी हेडफोन चढविले. पस्तीस वर्षांचा अनुभव होता. मला कसली भीती? पहिली वीस मिनिटे ठीक गेली. मग उत्तरेकडून शत्रूचे चार बिंदू दोन-दोनांच्या जोड्या करून येऊ लागले, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मी बटण दाबले आणि सांगू लागलो: उत्तरेकडून चार जण येत आहेत, त्यांतले दोन उंचावर आहेत, दोन खाली आहेत, याचा अर्थ त्यांचा बेत असा दिसतो की, खालच्यांनी तुम्हांला ओढावे आणि वरच्यांनी झडप घालावी, तेव्हा तुम्ही… विवेचन बिनचूक होते. मी बोट उचलले तेव्हा रेडिओवर विलक्षण शांतता होती.

मग टोरांटोचा मुलगा हळूच म्हणाला, "मामा, बटण."

माझ्या विवेचनाच्या काळात ती कंप्रता माझ्या ताब्यात होती. नागपूरच्या मुलाला पुण्याच्या मुलामागे शत्रू दिसला होता. त्याने 'ससाणा चार, उजवीकडे वळ' असे सांगितलेही होते, पण ते माझ्या वाक्याखाली गाडले गेले. ससाणा चार मी वर्णन करीत होतो त्याच डावपेचाने, मी वर्णन करीत असतानाच, पडला. मुलांनी मला काहीच म्हटले नाही. जेवताना भाच्याने विषय काढला नाही. बहिणीने विचारले, "कसे झाले रे आज?" तर तो म्हणाला, "ठीक." माझ्या आठवणीत त्याने इतके थोडे उत्तर प्रथमच दिले.

दोन दिवसांनी त्यांनी मला पुन्हा बोलाविले. मी नकाशाशेजारी कागद ठेवला आणि जे सांगावेसे वाटे ते त्यावर लिहून काढू लागलो. लिहून झाल्यावर त्यातले जे त्याच क्षणी कोणाच्या उपयोगाचे असेल तेवढेच बोलावयाचे. लढाई पाऊण तास चालली. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. भाच्याने बटण मोजले होते. मी ते अकरा वेळा दाबले.